नगरपंचायतीची निवडणूक प्रथमच लढवायची आहे : पक्षाकडून की अपक्ष, आणि तयारीची सुरुवात कोठून करावी?

पंपवाला (प्रश्नकर्ता) :

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपंचायतीच्या हद्दीत राहतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाव इतके लहान आहे की त्याचे नाव सांगणे म्हणजे माझेच नाव सांगण्यासारखे होईल. आपल्या जिल्ह्यातील माढा, माळशिरस, वैराग, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर या पाच नगरपंचायतींचे मतदान डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत झाले होते आणि निकाल 19 जानेवारी 2022 रोजी लागला होता. त्यांपैकीच एक आमचे गाव, एवढे पुरे. पाच वर्षांची मुदत आता संपत आली आहे आणि गल्लीतील मंडळी, आमचे मंडळ तसेच बाजारपेठेतील काही व्यापारी मी सदस्यपदासाठी उभे राहावे असा आग्रह धरत आहेत.

माझे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचे आणि विद्युत साहित्याचे दुकान आहे. दुकान माझ्या व धाकट्या भावाच्या भागीदारीत चालते. भाऊ परवानाधारक विद्युत ठेकेदार असून नगरपंचायतीच्या पथदिव्यांच्या देखभालीचे काम गेली काही वर्षे त्याच्याकडे आहे. घर वडिलांच्या काळातील आहे. मागे पत्र्याचे शेड मी अलीकडे टाकले आहे. आजवर कोणत्याही पक्षाचे प्राथमिक सदस्यत्वही मी घेतलेले नाही. तालुक्यातील दोन्ही गटांच्या नेत्यांशी माझे बोलणे-चालणे आहे आणि दोन्हीकडून "या, बसू" असे निरोप येत आहेत, परंतु बसल्यावर नेमके काय बोलायचे हेच मला ठरवता आलेले नाही.

माझा मुख्य प्रश्न असा की, पूर्वी कोणतेही पद न भूषवलेल्या माणसाने पक्षाचे तिकीट मागावे की अपक्ष राहावे. दुसरे म्हणजे दुकानाची आणि भावाच्या कामाची अडचण होईल काय. प्रभागाच्या आरक्षणाची सोडत (चिठ्ठी) महिलेसाठी निघाली, तर पत्नीला उभे करावे असे मित्र सुचवतात. त्याबाबतही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड नव्हे, तर चार-पाच दिवसांनी येते. या एका प्रश्नासाठीच मला सभागृहात जायचे आहे. एक सदस्य त्याबाबत खरोखर काय करू शकतो, हे आधी समजून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे.


निवृत्त लिपिक :

आपण विचारलेल्या क्रमाने उत्तर देत नाही. ज्या कारणाने आपला अर्ज छाननीच्या टेबलावरच बाद होऊ शकतो, तेथून सुरुवात करतो. पक्ष, चिन्ह, प्रचार हे सारे त्यानंतरचे विषय आहेत, आणि नगरपरिषदेच्या कार्यालयात निवडणुकीचे काम करताना मी हेच पाहत आलो की, नवखा उमेदवार नेमक्या उलट क्रमाने विचार करतो.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 16 मध्ये अनर्हतेची, म्हणजे अपात्रतेची, कारणे दिलेली आहेत. त्यांपैकी एक कारण थेट आपल्याला लागू पडते. नगरपंचायतीच्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात, प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा अथवा हितसंबंध असणाऱ्या व्यक्तीला निवडणूक लढवता येत नाही. भाऊ ठेकेदार आहे एवढ्यावरून कोणी अनर्ह होत नाही, कारण केवळ नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. आपल्या बाबतीत मात्र भाऊ हा भाऊ असण्याबरोबर भागीदारही आहे. पथदिव्यांचा ठेका त्याच्या वैयक्तिक परवान्यावर असला, तरी साहित्य दुकानातून जात असेल, बिलाची रक्कम भागीदारीच्या खात्यावर जमा होत असेल किंवा जीएसटी क्रमांक एकच असेल, तर विरोधी उमेदवाराला एवढी कागदपत्रे पुरेशी आहेत. ती मिळवायला त्याला फार कष्ट पडणार नाहीत, कारण देयकांच्या नोंदी कार्यालयातच असतात आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही मागता येतात.

म्हणून एकतर भावाने ठेका सोडावा किंवा आपण भागीदारीतून खरोखर बाहेर पडावे. "खरोखर" हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे. अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात मुद्रांकावर केलेले विभक्ततेचे पत्र आणि खाते मात्र पूर्वीसारखेच सामाईक, अशी प्रकरणे मी अनेक पाहिली आहेत. भागीदारी विसर्जित झाल्याची नोंद, बँक खात्यावरील सह्यांचा बदल, जीएसटीमधील दुरुस्ती हे सारे अर्जाच्या पुष्कळ आधी पूर्ण झालेले असावे. ठेका संपला असेल तर जुनी देयके आणि अनामत रक्कमही मोकळी करून घ्यावी, कारण देणे-घेणे शिल्लक असताना करार संपला की नाही यावरच वाद उभा राहतो. प्रासंगिक विक्रीसारख्या काही गोष्टींना कायद्यात अपवाद आहेत, परंतु अपवादाच्या भरवशावर अर्ज भरू नये. निवडून आल्यानंतरही हेच बंधन कायम राहते. मधल्या काळात पुन्हा ठेका घेतल्यास पद जाऊ शकते.

आता आपण एका ओळीत उल्लेख केलेल्या पत्र्याच्या शेडविषयी. कलम 44 नुसार सदस्याने स्वतः, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले असेल, तर सदस्यत्व रद्द होऊ शकते आणि त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे चालते. आपल्या जिल्ह्यातील काही नगरपंचायती 2021 पर्यंत ग्रामपंचायती होत्या. तेथील जुन्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, असते, बांधकाम परवानगीचा कागद मात्र बहुतेकांकडे नसतो. जुने घर हा सर्वांचाच प्रश्न असल्यामुळे त्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही, परंतु नगरपंचायत झाल्यानंतर टाकलेले शेड वेगळ्या गटात मोडते. ते नियमित करता येत असेल तर करून घ्यावे, नसेल तर उतरवावे. शेडपेक्षा सदस्यत्व मोलाचे वाटत असेल तर, अर्थात.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि दुकान नगरपंचायतीच्या गाळ्यात असेल तर गाळाभाडे, यांची थकबाकी नसल्याचा दाखला वेळेत घ्यावा. शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी रांग लागते आणि नेमका त्याच दिवशी सही करणारा अधिकारी तालुक्याच्या बैठकीला गेलेला असतो. अपत्यांची अट आपल्याला ठाऊक असेलच : 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर लढता येत नाही. शपथपत्रातील एकही रकाना कोरा ठेवू नये. जेथे काही सांगण्यासारखे नसेल तेथे "निरंक" किंवा "लागू नाही" असे लिहावे. कोऱ्या रकान्यांमुळे अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केले आहे. सूचक, म्हणजे आपले नाव सुचवून अर्जावर सही करणारा, आपल्याच प्रभागातील मतदार आहे, याची खात्री मतदार यादीतील अनुक्रमांकासह करून घ्यावी आणि त्याची सही आपल्या डोळ्यांदेखत घ्यावी. सूचकाच्या सहीअभावी भलेभले घरी बसलेले आहेत.


सिद्धेश्वर पेठ :

निवृत्त लिपिकांनी मूळ मुद्दा व्यवस्थित मांडला आहे. मी वकिली व्यवसायात असल्यामुळे त्यात थोडी भर घालतो.

प्रभाग मागास प्रवर्गासाठी राखीव झाला आणि आपण त्या प्रवर्गातील असाल, तर जातीचा दाखला असून भागत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडून उमेदवारी दाखल करण्याची सवलत शासनाने वेळोवेळी दिलेली आहे, परंतु निवडून आल्यानंतर ठरलेल्या मुदतीत वैधता सादर केली नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. त्यामुळे प्रवर्ग लागू असेल तर सोडतीची वाट न पाहता सोलापूरच्या समितीकडे प्रस्ताव आताच दाखल करावा. निवडणुकीच्या तोंडावर तेथे किती गर्दी उसळते, याची कल्पना पूर्वी गेलेल्यांना आहे.

छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, प्रतिनिधी पाठवू नये. अर्ज बाद झाला किंवा विरोधकाचा अर्ज आक्षेप असूनही स्वीकारला गेला, तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते, मात्र त्यासाठीचे दिवस अगदी मोजके असतात. डिसेंबर 2025 मधील नगरपरिषद निवडणुकांत अशा अपिलांचे निकाल उशिरा लागल्यामुळे राज्यातील काही ठिकाणचे मतदान 2 डिसेंबरऐवजी 20 डिसेंबरला घ्यावे लागले आणि सर्वांचीच मतमोजणी 21 डिसेंबरपर्यंत पुढे गेली, हे आपण पाहिलेच. निकालानंतरची निवडणूक याचिका कलम 21 नुसार निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत दाखल करावी लागते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आपला आणि प्रमुख प्रतिस्पर्ध्याचा अर्ज, शपथपत्रे व त्यांना जोडलेले दाखले यांच्या प्रती छाननी संपतानाच आपल्या हाती असल्या पाहिजेत. दहा दिवस प्रती मिळवण्यातच निघून गेल्याची उदाहरणे आहेत.

पक्ष की अपक्ष या प्रश्नावर माझे मत पक्षाच्या बाजूने आहे. नगराध्यक्ष आता थेट मतदारांमधून निवडला जातो, म्हणजे नगरपंचायतीच्या मतदाराला एक मत आपल्या प्रभागाच्या सदस्यासाठी आणि एक मत अध्यक्षासाठी द्यायचे असते. अध्यक्षपदाचा बलवान उमेदवार ज्या चिन्हावर असेल, त्याच चिन्हाचे बटण दुसऱ्या मतालाही दाबले जाण्याची प्रवृत्ती असते. तो लाभ अपक्षाला मिळत नाही.


माजी सदस्या :

मी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत एक मुदत सदस्य होते, ती राखीव जागेवरूनच निवडून येऊन. म्हणून पंपवाला दादांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देणे योग्य होईल.

राज्यातील स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सोडत आपल्या प्रभागात महिलेची निघण्याची शक्यता म्हणजे अपघात नव्हे. ती जवळपास निम्मी आहे. दादा, आपण संपूर्ण प्रश्नात आपले दुकान, आपला भाऊ, आपले शेड आणि आपले पाणी यांविषयी लिहिले आहे. वहिनींना काय वाटते, त्यांना सभागृहात बसण्याची इच्छा आहे काय, याविषयी एक अक्षरही नाही. "पत्नीला उभे करावे" असे मित्र सुचवतात, असे आपण लिहिता. पत्नीने काही सुचवले आहे काय? त्यांची स्वतःची तयारी असेल तर आजपासून त्यांनीच लोकांत जावे, त्यांनीच अर्ज वाचावा आणि उद्या सभेत त्यांनीच बोलावे. नसेल, तर प्रभागातील दुसऱ्या एखाद्या कर्त्या बाईच्या, बचत गटाच्या अध्यक्षाच्या किंवा अंगणवाडीताईंच्या घरातील शिकलेल्या सुनेच्या पाठीशी आपण उभे राहावे. "नगरसेविकेचे पती" हे पद कोणत्याही कायद्यात नाही, परंतु आमच्या सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात त्या पदावरची मंडळी दर सभेला खुर्च्या मांडून बसत असत आणि आत आपापल्या घरच्या सदस्येला चिठ्ठ्या पाठवत असत. मी ते पाच वर्षे पाहिले आहे आणि त्याविषयी माझ्या मनात जराही सौम्य भावना नाही.

आणखी एक गोष्ट. भागीदारीचा जो पेच निवृत्त लिपिक काकांनी सांगितला, तो वहिनी उभ्या राहिल्या म्हणून आपोआप सुटत नाही. घरातील हितसंबंधाचा प्रश्न त्यांच्याही अर्जावर उपस्थित होऊ शकतो, हे वकिलांना विचारूनच ठरवावे.

आता पाण्याविषयी. आमदारांना असतो तसा स्वतंत्र स्थानिक विकास निधी नगरपंचायतीच्या सदस्याला कायद्याने दिलेला नाही. सदस्याच्या हाती सभागृहातील एक मत, प्रश्न विचारण्याचा हक्क आणि इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) आपले म्हणणे नोंदवण्याचा हक्क एवढेच असते. हे थोडे वाटेल, परंतु वापरणारा असेल तर पुष्कळ आहे. सभेची विषयपत्रिका हाती आली की, बहुतेक सदस्य ती घडी घालून खिशात ठेवतात. खरा खेळ अनेकदा शेवटच्या ओळीत, म्हणजे "ऐनवेळच्या विषयांत" असतो. सभा संपत आलेली, चहा येऊन गेलेला, आणि त्या दहा मिनिटांत मोठ्या खर्चाचे विषय "सर्वानुमते मंजूर" होऊन जातात. त्या वेळी खुर्चीत बसून राहणे, विषय वाचून दाखवा असे म्हणणे आणि विरोध असेल तर तो नावानिशी लिहून घेणे, एवढे जरी एका सदस्याने केले, तरी कार्यालय त्याला दचकून असते. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठराव झाला, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात; तेथे दाद मागण्यासाठीही इतिवृत्तातील आपला नोंदवलेला विरोधच उपयोगी पडतो.

पाणी चार-पाच दिवसांनी येते याचे कारण प्रत्येक गावात वेगळे असते. ते शोधल्याशिवाय "मी पाणी आणीन" असे भाषणात म्हणू नये. कोठे उद्भवातच, म्हणजे मूळ स्रोतातच, पाणी नसते, कोठे उजनी धरणाचे पाणी असूनही ते उचलणारे पंप जुने झालेले असतात, कोठे जलकुंभाची क्षमता अपुरी, कोठे जलवाहिनी जागोजागी फुटलेली, आणि कोठे महावितरणच्या बिलाची थकबाकी एवढी की पंपाची वीजच तोडली जाते. आपण मोटारींचे काम करणारे आहात, म्हणजे आमच्या सभागृहातील निम्म्या सदस्यांना जे कधीच कळले नाही ते आपल्याला पंपाचा आवाज ऐकून कळेल. मागील दोन-तीन वर्षांचे अंदाजपत्रक, पाणीपुरवठ्यावरील खर्च, पंपदुरुस्तीची देयके आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आताच मागवून वाचा. पंप वारंवार त्याच दोषासाठी दुरुस्तीला जात असेल, तर त्यामागे काय आहे हे आपल्यासारख्या कारागिराला सांगावे लागणार नाही.


पंपवाला (प्रश्नकर्ता) :

काका, वकीलसाहेब आणि ताई, तिघांचेही मनापासून आभार. ताईंचे बोलणे घरी वाचून दाखवले. पत्नीने स्पष्ट सांगितले की, तिला बालवाडीची नोकरी सोडून यात पडायचे नाही, आणि हे तिला आधी कोणी विचारलेच नव्हते. त्यामुळे तो विषय संपला. सोडत महिलेसाठी निघाली तर आम्ही आमच्या गल्लीतील एका ताईंच्या मागे उभे राहू. त्या बचत गटाचे व्यवहार सांभाळतात आणि बँकेतही न घाबरता बोलतात.

भावाशी बोलणे झाले आहे. पथदिव्यांचे काम त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग असल्यामुळे त्याने ते सोडावे, असे मी म्हणणार नाही. भागीदारीतून मीच बाहेर पडावे असा विचार आहे. शेडविषयी मात्र मी फारच निष्काळजीपणे लिहिले होते, असे काकांचे उत्तर वाचून वाटले.

पक्षाबद्दलचे वकीलसाहेबांचे म्हणणे पटते, परंतु एक शंका आहे. दोन्ही गटांकडे प्रत्येक प्रभागासाठी तीन-चार इच्छुक आहेत. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी दुसऱ्याच्या हाती पडला, तर मी कोणत्या बाजूचा राहिलो? शिवाय खर्चाचे गणित मला कोणीच नीट सांगत नाही. नेते मंडळी "ते बघू" म्हणतात आणि मित्र जे आकडे सांगतात ते ऐकून दुकान विकावे लागेल असे वाटते.


सीनाकाठ :

मी एका नगरपरिषदेची निवडणूक अपक्ष म्हणून लढलो आहे आणि पराभूत झालो आहे, त्यामुळे माझ्या मताला पराभूताचे मत म्हणूनच किंमत द्यावी. तरीही वकीलसाहेबांशी मी पूर्ण सहमत नाही.

नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रत्येक प्रभागाला एकच सदस्य असतो. नगरपरिषदेप्रमाणे एका प्रभागातून दोघे निवडून द्यायचे नसतात. गावाची लोकसंख्या पाहता एका प्रभागात साधारण पाचशे ते हजार मतदार येतात. एवढ्या लहान मतदारसंघात चिन्हापेक्षा माणूस आणि त्याची भावकी जास्त मते ओढते, आणि विजय-पराजय वीस-पंचवीस मतांत ठरतो. एका मोठ्या वाड्यातील किंवा एका तालमीतील मते फिरली की निकाल फिरतो. तेथे पक्षाचे चिन्ह नसणे हे मोठे नुकसान आहे असे मला वाटत नाही.

अपक्षाची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती म्हणजे वेळ. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह लोकांना आधीपासून ठाऊक असते. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून चिन्ह मिळते, तेही माघारीची मुदत संपल्यावर. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत चिन्हे 26 नोव्हेंबरला मिळाली आणि मतदान 2 डिसेंबरला होते. त्या चार-पाच दिवसांत पत्रके छापायची, चिन्ह घराघरांत पोहोचवायचे, वृद्ध मतदारांना यंत्रावरील जागा समजावून सांगायची, हे सारे उरकावे लागते. म्हणून अपक्षाने नाव आणि चेहरा आधीच पोहोचवून ठेवावा. चिन्ह मिळाल्यावर फक्त तेवढेच सांगायचे शिल्लक राहावे. दोन चिन्हे मनात ठरवून ठेवावीत, पहिले दुसऱ्या कोणाला गेले तर गोंधळ होऊ नये. दुरून ओळखू येणारे, काळ्या-पांढऱ्या छपाईतही स्पष्ट दिसणारे चिन्ह निवडावे.

एबी फॉर्मबाबतची आपली शंका अगदी रास्त आहे. तिकीट मिळेल या भरवशावर थांबलेल्या माणसाला ऐनवेळी अपक्ष अर्ज भरावा लागतो, आणि तेव्हा ना पक्षाचे कार्यकर्ते त्याच्यासोबत असतात ना तटस्थ मतदार त्याला अपक्ष मानतात. दोन्ही गटांना नम्रपणे एक तारीख सांगावी : अमुक दिवसापर्यंत निर्णय कळवा, नंतर मी माझ्या मार्गाने जाईन. नेते रागावतील, परंतु आपल्या गावातील नेते निवडणुकीनंतर निवडून आलेल्या अपक्षाच्या घरी सर्वांत आधी हार घेऊन येतात, हे आपणही पाहिले असेल.

मात्र येथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात थेट प्रवेश केला, तर 1986 च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाखाली सदस्यत्व जाते. अपक्षांना निकालानंतर एका महिन्याच्या आत आघाडी स्थापन करून तिची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, पण एकदा आघाडीत नाव गेले की तिचा आदेश मोडणेही महागात पडते. सत्कार स्वीकारताना गळ्यात कोणता गमछा पडतो आहे आणि त्याचे छायाचित्र कोण काढतो आहे, इकडे लक्ष असू द्यावे.

खर्चाविषयी. 2025 च्या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने नगरपंचायतीच्या सदस्यपदासाठी 2 लाख 25 हजार रुपये आणि अध्यक्षपदासाठी 6 लाख रुपये अशी मर्यादा ठेवली होती. पुढील निवडणुकीचा आकडा तेव्हाच्या आदेशात पाहावा. निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे लागते, रोजचा हिशेब लिहून सादर करावा लागतो आणि निकालानंतर तीस दिवसांत संपूर्ण हिशेब द्यावा लागतो. हे बंधन हरलेल्यालाही आहे. हिशेब न दिल्यास पुढील निवडणुकीसाठी अनर्ह ठरवता येते. मित्र सांगतात ते आकडे छपाईचे किंवा रिक्षावरील भोंग्याचे नसतात, हे आपल्यालाही कळते. ढाब्यावरच्या जेवणावळी, पुण्याला कामासाठी गेलेल्या मतदारांना आणण्यासाठीच्या गाड्या आणि आदल्या रात्रीचे लक्ष्मीदर्शन यांचे ते आकडे आहेत. यांपैकी पैसे वाटणे आणि मतदारांची वाहतूक करणे हे निवड रद्द होण्याचे कारण ठरू शकते. माझ्या विरोधकाने ते सर्व केले. मी केले नाही आणि हरलो. तरीही मला मिळालेली मते थोडी नव्हती, आणि त्यांतील एकही विकत घेतलेले नव्हते, म्हणून मोटारी दुरुस्त करून ज्यांच्या शेतात आपण पाणी चालू केले आहे त्या लोकांकडे आपल्याला रिकाम्या हाताने जाता येईल, असे मला वाटते.


निवृत्त लिपिक :

सीनाकाठ यांनी पुण्याच्या मतदारांचा उल्लेख केला, त्यावरून मतदार यादीचा मुद्दा लिहायचा राहिला होता तो लिहितो. आपल्या हातात आज जर एकच काम घ्यायचे असेल, तर ते हे घ्यावे.

राज्य निवडणूक आयोग नगरपंचायतीसाठी स्वतःची वेगळी मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी ठरावीक दिनांकाला आहे तशी घेतली जाते आणि ती प्रभागनिहाय विभागली जाते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवल्या जातात, परंतु त्या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही आणि मृत वा स्थलांतरित मतदाराचे नाव वगळताही येत नाही. फक्त विभागणीतील चूक, म्हणजे आपल्या प्रभागातील घर शेजारच्या प्रभागात पडले असेल तर ते दुरुस्त होते. अनेक उमेदवार हरकतीच्या मुदतीत गठ्ठ्याने नवीन नावांचे अर्ज घेऊन येत असत आणि आम्हाला ते परत करावे लागत. नवे नाव घालायचे असेल तर ठरावीक दिनांकाच्या आधी नमुना 6 भरून, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत किंवा तहसील कार्यालयात, विधानसभेच्या यादीतच ते यावे लागते. लग्न होऊन गावात आलेल्या सुना आणि नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली मुले असलेली घरे सर्वांत आधी तपासावीत, कारण त्यांची नावे राहून गेल्याचे मतदानाच्या सकाळीच घरच्यांच्या लक्षात येते.

आपले स्वतःचे नाव यादीत आहे काय, वय आणि नावातील अक्षरे आधार व इतर कागदांशी जुळतात काय, हेही पाहावे. नाव नगरपंचायतीच्या यादीत कोणत्याही प्रभागात असले, तरी गावातील दुसऱ्या प्रभागातून उभे राहता येते. म्हणून आपला प्रभाग महिलेसाठी गेला, तर शेजारचा प्रभाग सर्वसाधारण निघाला आहे काय हे पाहण्याची मुभा आपल्याला आहे. त्या प्रभागात मोटार दुरुस्तीच्या निमित्ताने आपली ये-जा असेलच. सूचक मात्र तेव्हा त्या प्रभागातील घ्यावा लागेल.

आणि भागीदारीचे विसर्जन या महिन्यातच सुरू करावे. भावाच्या ठेक्याचे नूतनीकरण होणार असेल, तर त्याच्या करारावर दुकानाचा पत्ता पुन्हा लागू देऊ नये.